एका मराठी ख्रिस्ती आजीचे ऋण

नव्वदी ओलांडून नुकतीच निवर्तलेली माझी आजी नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती समाजाच्या अशा पिढीची होती, की जिची ईश्वरनिष्ठा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांवर पोसली होती आणि त्या निष्ठेने जिचे मराठीपण तिळभरही उणावले नव्हते. पहाटे चूल पेटण्यापूर्वी ती 'उपासना संगीत' हे भजनांचे पुस्तक मांडीवर घेई. त्याच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झाल्या होत्या. परंतु पुस्तक उघडण्याची गरज तिला क्वचितच पडे. नऊवारीचा पदर डोक्यावर घेऊन तिने भजन धरले, म्हणजे शेजारची माळकरी म्हातारीही ओट्यावर येऊन टाळी धरी, आणि त्यात दोघींपैकी कोणासही काही विपरीत वाटत नसे.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी संतांची अभंगवाणी ख्रिस्तमंदिरात नेली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रास मराठी वाङ्मयात मानाचे स्थान लाभले, हे यथायोग्यच झाले. तथापि शाळा, दवाखाने आणि दुष्काळग्रस्तांच्या सेवेत ज्यांनी आयुष्य झिजवले, त्या असंख्य मराठी ख्रिस्ती स्त्रियांची दखल चर्चच्या दप्तरातील बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदींपलीकडे फारशी कोणी घेतली नाही, याचे मला मनस्वी दुःख होते. १८४२ साली नगरास निघालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक, कुटुंबांतील पत्रे आणि हयात वृद्धांच्या तोंडच्या आठवणी यांचा संग्रह आपल्या विद्यापीठांनी विनाविलंब हाती घ्यावा. माझ्या आजीच्या आठवणी तरी आम्ही भावंडांनी लिहावयास घेतल्या आहेत.