गाणे बेटाचे, बंदर वॉशिंग्टनचे

२०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत अमेरिकेच्या अंमलाखालच्या प्वेर्तो रिको बेटाची राजधानी सान हुआन गजबजून गेली होती. बॅड बनी या नावाने जगाला ठाऊक असलेला तिथलाच गायक बेनितो मार्तीनेस ओकासिओ एकाच सभागृहात तीसहून अधिक मैफली गायला. पहिल्या नऊ मैफलींची तिकिटे फक्त बेटावरच्या रहिवाशांसाठी राखलेली होती. बाहेरच्यांनी त्यानंतर बेटावर येऊन ऐकायचे. चक्रीवादळांच्या या दिवसांत पर्यटनाचा धंदा एरवी मंदावतो. त्या वर्षी हॉटेले, खानावळी, टॅक्सीवाले, वादक अशा सगळ्यांच्या हाती पैसा आला. बोम्बा आणि प्लेना या मातीतल्या तालांनी, स्पॅनिश भाषेत, हे घडवले. कार्यक्रमाचे नाव होते 'मला इथून जायचे नाही'.

ते नाव ठेवण्यामागे मोठे दुःख आहे. २०१० मध्ये बेटाची लोकसंख्या ३७ लाखांवर होती. २०२० मध्ये ती ३३ लाखांच्या खाली गेली. माणसे फ्लोरिडाला, न्यूयॉर्कला गेली, कारण बेटावर पोट भरेना. कारखान्यांना मिळणारी करसवलत अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये काढायला घेतली, २००६ पर्यंत ती संपली आणि रोजगार आटले. सरकार कर्जावर चालू लागले. कर्ज ७० अब्ज डॉलरवर गेले, तेव्हा २०१६ मध्ये वॉशिंग्टनने बेटाच्या तिजोरीवर देखरेख मंडळ बसवले. ज्यांच्या पेन्शनला आणि शाळांना कात्री लागली, त्यांनी हे मंडळ निवडलेले नव्हते. बेटवासी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. काँग्रेसमधल्या त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला कायद्यावरच्या अंतिम मतदानात मत नाही.

समुद्राच्या वाटेवरही बेटाची सत्ता चालत नाही. १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी खलाशांचेच हवे. अशी जहाजे थोडी आणि महाग. बेटावरचे सुमारे ८५ टक्के अन्न बाहेरून येते, म्हणजे या भाड्याचा भार थेट ताटावर पडतो. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा या कायद्यातून सूट मिळाली ती अवघ्या दहा दिवसांची. शेजारची यूएस व्हर्जिन बेटेही अमेरिकेचीच आहेत आणि त्यांना हा कायदा लागू नाही. मग प्वेर्तो रिकोलाच का?

बेटाच्या स्वतःच्या सरकारचाही दोष आहे. भांडवल यावे म्हणून त्याने २०१२ मध्ये बाहेरून राहायला येणाऱ्या धनिकांना गुंतवणुकीच्या नफ्यावर शून्य कर देऊ केला. आधीपासून तिथेच राहणाऱ्याला ही सवलत नाही. समुद्रकाठची घरे महागली, भाडेकरू हुसकावले गेले. ज्याची कित्येक पिढ्यांची मुळे तिथे आहेत त्याने पूर्ण कर भरायचा आणि काल आलेल्याने सवलत घ्यायची, हा अन्याय आहे.

या समाजाची चिकाटी मोठी आहे. १८९८ मध्ये अमेरिकेचा अंमल आला आणि शाळांवर इंग्रजी लादली गेली. स्पॅनिशने ती जागा अर्ध्या शतकाने परत मिळवली. १९४८ पासून १९५७ पर्यंत बेटाचा झेंडा घरात ठेवणेही गुन्हा होता; आज तो दारोदार दिसतो. सरकारी बंदीला जी संस्कृती पुरून उरली, तिला घरभाडे आणि जहाजभाडे हरवू शकते, कारण गाणारी माणसेच उठून गेली तर गाणे कुणी गायचे?

एका कलावंताने तीन महिन्यांत दाखवून दिले की बेटाची संस्कृती बेटवासीयांना प्रथम मान देऊनही भरभरून कमावू शकते. तोच नियम राज्यकर्त्यांनी कायद्यात आणावा. जोन्स कायद्यातून प्वेर्तो रिकोला कायमची सूट द्यावी. उपऱ्या धनिकांची करमाफी थांबवावी. आणि ज्या सभागृहात या लोकांच्या बंदराचा, कर्जाचा, पेन्शनचा निर्णय होतो, तिथे त्यांना मत द्यावे. राहण्याचा हक्क मागणाऱ्या नागरिकांना टाळ्या पुरेशा नाहीत. त्यांना अधिकार हवेत.