मर्सरला कोणी मारलं?

दुसरा भाग निघाला की पहिला आपोआप कच्चा मसुदा ठरतो, असं मानणारी एक मंडळी आहे. तिच्यातल्या एका गृहस्थांनी ‘प्रोटोटाइप’ आणि ‘प्रोटोटाइप २’ या दोन गेमची तुलना करून नुकताच निकाल देऊन टाकला: दुसरा सर्व बाबतींत सरस, पहिला खेळायचाच असेल तर इतिहासाची आवड म्हणून. अपिलाची सोय ठेवलेली नाही. त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. आत्मविश्वास तेवढा त्यांचा स्वतःचा.

त्यांची बाजू थोडक्यात अशी. २००९ चा पहिला भाग म्हणजे करडं, एकसुरी मॅनहॅटन, बोटांच्या गाठी मारणारी बटणं, तीच ती मिशनं आणि हुडी घातलेला घुम्या नायक, ज्याच्याशी कुणाचं सूत जुळत नाही. २०१२ चा दुसरा भाग म्हणजे तीन रंगांचे तीन विभाग, हाताला लगेच सवय होईल अशी नियंत्रणं आणि जेम्स हेलर, म्हणजे बायको-मुलीच्या दुःखाने पेटलेला सार्जंट. त्याच्याशी कुणालाही नातं जोडता येतं. वर पहिल्या भागाच्या नायकालाच, अॅलेक्स मर्सरला, खलनायक करण्याचं धाडस. खेळ खलास. हे मी थोडं चढवून सांगितलं असेल. पण गृहस्थांनी पहिल्या भागाबद्दल जितकं चढवलंय त्याच्या निम्मंही नाही.

किरकोळ आक्षेप आधी उरकून टाकतो. शहर करडं आहे, मान्य. मिशनं पुन्हापुन्हा तीच येतात, काही अंशी मान्य. रणगाड्याला संरक्षण देत न्यायचं ते मिशन आठवलं की मला आजही चार शब्द सुचतात, ते छापण्याजोगे नाहीत. पण दुसऱ्या भागात काय निराळं घडतं? प्रयोगशाळेत शिरा, अमुक शास्त्रज्ञाला गिळा, बाहेर पडताना सगळं फोडा, पुढची प्रयोगशाळा शोधा. बॉस फाइट दमवतात, खरंच. नायक घुम्या आहे. तो का घुम्या आहे ते पुढे येईलच.

उथळपणाचं रडगाणं मात्र मी नव्याने ऐकत नाही. ते जुनंच आहे, आणि एका जुन्या वादात त्याला उत्तरही देऊन झालंय. २००९ च्या मे-जूनमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने ‘इन्फेमस’ आणि ‘प्रोटोटाइप’ असे दोन गेम आले. दोन्हींत मोकळं शहर, दोन्हींत अचानक अचाट शक्ती लाभलेला तरुण. तेव्हा लोक दोन छावण्यांत वाटले गेले आणि हमरीतुमरीवर आले. ‘इन्फेमस’वाल्यांचं म्हणणं होतं की आमच्या गेममध्ये नीती आहे: चांगलं वागलात की निळी वीज, वाईट वागलात की लाल. मी तेव्हाही विचारलं होतं की पुण्याचा मीटर पडद्याच्या कोपऱ्यात लावला की नीती येते का? जखमी माणसाला बटण दाबून बरं केलं, गुण जमा झाले, झालो सज्जन. पासबुकात नोंद करून घेणारा हा सज्जनपणा. ‘प्रोटोटाइप’ने मीटर लावला नाही. तुम्ही काय करताय ते दाखवलं आणि तुम्हाला तिथेच सोडून दिलं. त्या वादात माझ्याशी भांडलेली काही मंडळी आज त्याच पहिल्या भागावर उथळपणाचा आरोप करतात. चालू द्या.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी मुळीच घाई करणार नाही. तो आहे मर्सरला खलनायक करण्याच्या तथाकथित धाडसाचा. त्यासाठी पहिल्या भागाचं रहस्य फोडावं लागणार; इतक्या वर्षांनी त्याबद्दल माफी मागत नाही.

जेन्टेक कंपनीच्या शवागारात मर्सर जागा होतो. दोघंजण त्याचं शवविच्छेदन करायच्या तयारीत उभे आहेत. त्याला काही आठवत नाही. बाहेर सैनिक त्याला गोळ्या घालतात आणि तो मरत नाही. पुढे कळतं की माणसाला धरलं की आपल्या अंगातून काळे-तांबडे तंतू निघतात, तो माणूस आत ओढला जातो आणि त्याचा चेहरा, गणवेश, हातचं कसब, डोक्यातल्या आठवणी, सगळं आपलं होतं. लष्करी तळात शिरायचं तर तळाच्या अधिकाऱ्याला गिळायचं. हेलिकॉप्टर चालवायचं तर ते चालवणाऱ्याला. आणि आपण कोण, हे कळायचं असेल तर ज्याला ते माहीत आहे त्याला.

हे शेवटचं वाक्य म्हणजे सगळा गेम. ‘वेब ऑफ इंट्रीग’ नावाचं एक जाळं पडद्यावर असतं, सुरुवातीला जवळपास रिकामं. गर्दीतून पळताना एखाद्याच्या डोक्यावर खूण दिसते. त्याला गाठायचं, गिळायचं. मग काही क्षणांची तुटक चित्रं, अर्धवट संवाद, एखादा चेहरा, आणि जाळ्यातला एक ठिपका भरतो. कोण आधी सापडेल याचा नेम नाही, त्यामुळे कथा प्रत्येकाला निराळ्या क्रमाने कळते. आयडाहोतलं होप नावाचं गाव, तिथे १९६० च्या दशकात झालेला प्रयोग, तिथून वाचलेली एलिझाबेथ ग्रीन, गावाचं काय झालं आणि ‘ब्लॅकवॉच’चे सैनिक त्याबद्दल गप्प का, हे कुणी खुर्चीत बसवून सांगत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी, माणूस मारून मिळवावं लागतं. ज्ञानाची किंमत दर वेळी एक माणूस. जगभर ओपन वर्ल्ड गेममध्ये पिसं, नाणी, पोस्टर गोळा करायला लावतात. इथे गोळा करायच्या वस्तूंना तोंडं आहेत आणि त्या किंचाळतात.

आणि जाळं भरत आलं की उत्तर मिळतं. अॅलेक्स मर्सर हा जेन्टेकचा शास्त्रज्ञ होता. विषाणूची कुपी घेऊन तो पळाला, पेन स्टेशनात घेरला गेला आणि आपण मरतोय तर सगळेच मरोत म्हणून त्याने ती फोडली. त्याला गोळ्या लागल्या. तो मेला. शवागारात जागा झाला तो मर्सर नव्हेच. तो विषाणू आहे, मर्सरचा देह आणि उरल्यासुरल्या आठवणी पांघरलेला. इतका वेळ ज्याच्या खुनाचा सूड घ्यायला आपण शहर पालथं घातलं, तो सूड घ्यायच्या लायकीचा माणूस नव्हता. आणि ज्याला आपण माणूस समजून चालवत होतो तो माणूसच नव्हता. घुमेपणाचं कारण कळलं असेलच.

गंमत पुढे आहे. हा विषाणू मूळ मर्सरपेक्षा बरा निघतो. डेना ही त्याची बहीण नाही, त्याने खाल्लेल्या आठवणीतली बहीण आहे. तरी तो तिच्यासाठी जीव टाकतो. खऱ्या मर्सरने शहर मारायला काढलं होतं, त्याचा हा तोतया शहर उडवायला आलेला अणुबॉम्ब उचलून समुद्रावर नेतो. इतकी माणसं गिळल्यावर त्यांच्यातलं काहीतरी त्याच्यात रुजलं, असा याचा अर्थ मी लावतो. अर्थ लावायला जागा ठेवणारे अॅक्शन गेम हाताच्या बोटांवर मोजावेत.

आता दुसऱ्या भागाचं धाडस बघा. चौदा महिन्यांनंतर हाच मर्सर जगाला विषाणूने नव्याने घडवू पाहणारा, टोळी जमवून भाषणं करणारा खलपुरुष झालाय. का? त्याचं मन कसं फिरलं? गेममध्ये उत्तर नाही म्हटलं तरी चालेल. ते गेमबाहेरच्या कॉमिकमध्ये ठेवलंय. म्हणजे मुख्य पात्राचं मतपरिवर्तन पुरवणी अंकात! आणि परिवर्तन झाल्यावर उरलं काय, तर नेमका तो पेन स्टेशनातला मर्सर, जग मेलं तर मेलं म्हणणारा. पहिला अख्खा गेम ज्या फरकावर उभा होता तो फरक पुसून टाकला आणि गृहस्थ त्याला धाडस म्हणतात. डेना? ती हेलरला माहिती पुरवायच्या कामावर रुजू झालीय. शेवटी हेलर मर्सरला गिळतो, पण तो औपचारिक विधी. मर्सरला पटकथाकारांनी पहिल्याच प्रसंगाआधी मारलेलं असतं.

हेलर ‘माणूस’ वाटतो, हा पुढचा दावा. कटसीनमध्ये वाटतो खरा. काळ्या-पांढऱ्या चित्रांत अधूनमधून तांबडा रंग, घोगरा आवाज, मेलेल्या बायकोची आठवण. डोळे ओले व्हायचेच बाकी. मग नियंत्रण आपल्या हातात येतं आणि हाच कुटुंबवत्सल बाप फुटपाथवरच्या पाच-पन्नास बापांना चिरडत पळत सुटतो, दुखापत झाली की वाटेतल्या कुणाला तरी गिळून बरा होतो, आणि पुढच्या कटसीनमध्ये पुन्हा मुलीसाठी व्याकूळ. मर्सरने हे केलं तर ते बसतं; तो विषाणू आहे, माणूस होण्याच्या वाटेवरचा. हेलरला माणूस ठरवलंत की हिशेब तुमच्याकडे येतो, आणि गेम तो हिशेब मांडतच नाही.

उलट पळवाट काढून देतो. दुसऱ्या भागातही गिळलेल्याची आठवण दिसते, असं गृहस्थ विजयी मुद्रेने सांगतील. दिसते. पण बहुतेक वेळा काय दिसतं? हा शास्त्रज्ञ माणसांवर प्रयोग करताना हसत होता, तो अधिकारी निर्वासितांना मारून फुशारक्या मारत होता. म्हणजे आठवण आता आरोपपत्र झाली: हा नीच होता, तुम्ही खाल्लंत ते बरंच केलंत. शोधायची तसदीही नको; एक लहर सोडायची, ती सावजावर आपटून परत येते, त्या दिशेने धावायचं. पहिल्या भागात खाऊन कळत होतं. इथे आधीच सगळं कळलेलं असतं, खायचं ते बळ वाढवायला.

गुळगुळीतपणाचं कौतुकही याच जातीचं. पहिला भाग अख्ख्या फणसासारखा आहे: काटे आहेत, चीक हाताला लागतो, फोडायला वेळ जातो. दुसऱ्या भागाने आठळ्या काढून गरे वाटीत दिले. पाहुण्यांची सोय झाली, नाही म्हणत नाही. त्या सोयीने गिऱ्हाइकांची रांग लागली असती तरी एक वेळ समजलो असतो. व्हँकुव्हरच्या रॅडिकल एंटरटेनमेंटने गेम २०१२ च्या एप्रिलमध्ये आणला. जूनमध्ये प्रकाशक अॅक्टिव्हिजनने, पुरेसा मोठा वर्ग मिळाला नाही म्हणत, त्या स्टुडिओतली बहुतेक माणसं कमी केली. गेम वाईट असल्याचा हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण ‘लोकांना हेच हवं होतं’ हे वाक्य तरी गृहस्थांनी मागे घ्यावं.

आता माझ्या बाजूने मांडायचं तर फार नाही. भिंतीवरून सरळ वर धावणं, हातांचे हातोडे करून रणगाडा चेपणं, ही मजा याच स्टुडिओने २००५ च्या ‘हल्क: अल्टिमेट डिस्ट्रक्शन’मध्ये दिली होती. ‘प्रोटोटाइप’ने तिला धार लावली. विकत घ्यायच्या करामतींची यादी संपता संपत नाही आणि त्यांतल्या निम्म्या निरुपयोगी आहेत. प्रेताच्या पाठीवर उभं राहून रस्त्यावरून घसरत जाण्याचा उपयोग काय, विचारू नका. सैनिकाचा वेष घेऊन शेजारच्या निरपराध सैनिकाकडे बोट दाखवायचं आणि त्याचेच सोबती त्याला गोळ्या घालताना बघत उभं राहायचं, यातली दुष्ट गंमत मला दुसऱ्या भागातल्या कुठल्याच प्रसंगात सापडली नाही. हेलरचे तंतू आणि जिवंत माणसाचा बॉम्ब करायची त्याची युक्ती भन्नाट आहे, तेवढं श्रेय घ्यावं. हालचालही दुसऱ्यात जास्त सफाईदार. घ्या, तेही दिलं.

२०१५ मध्ये दोन्ही भाग प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी एकत्र निघाले, तेव्हा जुनं यंत्र नाही ही सबब कुणी सांगू नये. गृहस्थांचा सल्ला आहे की वेळ कमी असेल तर सरळ दुसऱ्यापासून सुरुवात करा, पहिल्याचा सारांश कुठेही मिळेल. सारांश वाचणाऱ्यांना नाव मिळेल, गाव मिळेल, पेन स्टेशन मिळेल. ते कळायला कुणाकुणाला गिळावं लागलं, ते मिळणार नाही. आणि शवागारात जागा होणारा तो इसम त्यांना पहिल्या भेटीतच खुनी दिसेल.