आजाऱ्याच्या समाचाराला जाताना

एखाद्या घरात कोणी आजारी पडले की शेजारीपाजारी, सोयरेधायरे, कचेरीतले सहकारी समाचाराला जातात. ही आपल्याकडची जुनी आणि फार चांगली चाल आहे. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या वर्षांत ती बराच काळ बंद पडली, तेव्हा तिची किंमत सर्वांना कळली. वॉर्डात एकटा पडलेला माणूस दाराकडे डोळे लावून असे आणि नातेवाईक डबा हातात घेऊन फाटकाबाहेर उभे असत. आजारात माणसाला माणूस लागतो, हे त्या काळाने पुन्हा दाखवून दिले. तेव्हा समाचाराला जाऊ नका, असे सांगण्यासाठी आजचा लेख नाही. जा, अवश्य जा. पण कसे वागायचे आणि काय बोलायचे याचा थोडा विचार करून जा, एवढेच सांगायचे आहे. कारण भेटायला आलेल्या माणसाच्या एका वाक्याने रुग्णाची झोप उडालेली आणि चालू असलेले औषध बंद पडलेले मी पाहिले आहे.

शिष्टाचार म्हणजे वरवरचा दिखाऊपणा, असा आपल्याकडे एक समज आहे. "आम्ही आपले साधे, मनात येईल ते तोंडावर बोलणारे," असे लोक अभिमानाने सांगतात. धडधाकट माणसाशी बोलताना ते चालून जाते. आजारी माणसाचे तसे नसते. त्याला दिवसभर दुसरे काम नसते, त्यामुळे कानावर पडलेला प्रत्येक शब्द तो मनात घोळवत राहतो. पाहुणा चहा घेऊन घरी जातो, त्याचे वाक्य मात्र रात्रभर उशाशी बसून राहते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले एक गृहस्थ होते. प्रकृती सुधारत होती, चार पावले चालू लागले होते. एके दिवशी एक पाहुणे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आमच्या साडूंना अगदी असंच झालं होतं हो. चांगले हिंडत-फिरत होते. आठव्या दिवशी गेले." पाहुण्यांच्या मनात काही वाईट नव्हते. या आजाराची आपल्याला माहिती आहे, एवढेच त्यांना दाखवायचे होते. पण आमचे गृहस्थ आठवा दिवस उलटेपर्यंत धड झोपले नाहीत. ज्या काळात शरीराला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती, तोच काळ भीतीत गेला.

दुसरा प्रकार फुकटच्या सल्ल्याचा. क्षयरोगाच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्यामुळे लघवीला नारिंगी-तांबडा रंग येतो. तो औषधाचा रंग असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. एका विशीतल्या मुलीला समाचाराला आलेल्या आत्याबाईंनी रंगाचे ऐकताच निकाल दिला, "अगं, गोळ्या उष्ण पडल्या तुला. रक्त जातंय. आधी बंद कर त्या." दोन महिन्यांच्या औषधाने मुलीला बरे वाटू लागलेच होते. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? तिने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी ती पुन्हा खोकत आली, तेव्हा वजन आणखी घटले होते. आपल्याकडे नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधांना दाद न देणारे होऊ शकतात, आणि मग पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. आत्याबाईंची भाचीवर माया होती, याबद्दल शंका नाही. पण ज्या विषयातले आपल्याला कळत नाही त्यात बोलू नये, हाही मायेचाच भाग आहे. फार तर "डॉक्टरांना विचारलंस का गं?" एवढे म्हणावे.

तिसरा प्रकार बाळंतिणीच्या खाटेपाशी दिसतो. "दुसरीही मुलगीच का? असू दे, पुढच्या वेळी होईल मुलगा." धीर देण्यासाठी म्हटलेले हे वाक्य त्या बाईच्या काळजात सुरीसारखे शिरते. मूल मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांकडून येणाऱ्या शुक्रबीजावर ठरते, आईवर नाही. शिवाय बाळंतिणीच्या मनावर ताण आला की अंगावरचे दूध सुटायला अडचण होते. म्हणजे एका वाक्याने आई दुखावली जाते आणि तान्हे बाळही उपाशी राहू शकते. त्यापेक्षा "बाळ किती छान आहे! वहिनी, तुमची तब्येत बरी आहे ना?" असे म्हणायला काय हरकत आहे?

धीर द्यावा, उपदेश नको

आता थोडे सकारात्मक दृष्टिकोनाविषयी. हल्ली हा शब्द फार ऐकू येतो. सकाळी उठल्यावर मोबाइलवर त्याचेच निरोप येऊन पडलेले असतात. कर्करोग झालेल्या माणसाला तर जो तो सांगतो, "मन खंबीर ठेवा, रोग आपोआप पळून जाईल." ऐकायला हे बरे वाटते. पण याचा उलटा अर्थ काय होतो, याचा विचार बोलणारा करीत नाही. रोग हटला नाही, तर दोष रुग्णाच्या मनाचा! आधीच रोगाने पिचलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण अपराधाचे ओझेही ठेवतो.

या बाबतीत शास्त्र काय म्हणते? अमेरिकेत जेम्स कॉयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतील कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती काळ जगेल हे सांगता येत नाही, असे त्यात आढळले. आपल्या भागात तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण किती दिसतात, हे मी वेगळे सांगायला नको. त्यांच्यापैकी कोणी रडला, घाबरला, चिडला, तर "असा विचार केलात तर रोग वाढेल" असे त्याला सांगू नका. त्याला रडू द्या. रडण्याने गाठ वाढत नाही.

मग मनाचा शरीराशी काहीच संबंध नाही का? आहे, निश्चित आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांना नैराश्य येते, त्यांच्या प्रकृतीला पुढे अधिक धोका असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये अशा रुग्णांच्या बाबतीत नैराश्याला धोक्याचे कारण मानावे, अशी शिफारस केली. उदास माणूस जेवत नाही, औषधे चुकवतो, फेरतपासणीला यायचे टाळतो. पण नैराश्य हाही आजारच आहे. "हसत राहा" असे सांगून तो जात नाही. दोन आठवडे उलटले तरी माणूस उदास, अबोल राहिला, त्याची झोप आणि भूक गेली, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावर उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा तो करू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटे सोडू नका.

माझे मत विचाराल, तर सकारात्मक दृष्टिकोन ही आजाऱ्याकडून मागायची गोष्ट नाही. ती आपण आपल्या घरून घेऊन जायची गोष्ट आहे, आणि ती शब्दांपेक्षा कामातून दिसते. एका शेतकऱ्याच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. भेटायला रीघ लागली होती, प्रत्येकजण "काळजी करू नका" म्हणत होता. त्याला काळजी होती ती घरच्या दोन म्हशींची. एक शेजारी आला आणि म्हणाला, "दादा, आठ दिवस धार मी काढतो. दूध डेअरीला घालून हिशेब वहिनींकडे देतो." त्या रात्री तो माणूस शांत झोपला. दहा जणांच्या उपदेशाने जे झाले नाही, ते एका शेजाऱ्याच्या कामाने झाले.

काही साधे नियम

पहिला नियम हात धुण्याचा. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी बाळंतिणींच्या वॉर्डात जाण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या घरात होते. जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आले. आपल्याला तर फक्त साबण लावून निदान वीस सेकंद हात चोळायचे आहेत. सर्दी, खोकला, ताप असेल तर भेट पुढे ढकला. तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका. आपल्याला जी साधी सर्दी वाटते, ती महिन्याच्या बाळाला जिवावरचे दुखणे होऊ शकते.

दुसरा नियम खाऊचा. शहाळे न्यायची पद्धत चांगली आहे, पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला तेच शहाळे घातक ठरू शकते. त्यात पोटॅशियम भरपूर असते, ते रक्तात साठले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. मधुमेह्याला पेढे, हृदयाच्या रुग्णाला लोणचे-पापड, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला "घासभर खा हो, काही होत नाही" असा आग्रह, हे सगळे टाळावे. काय चालते ते घरच्यांना आधी विचारावे.

तिसरा नियम आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. आपले नेहमीचे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास असते. मग जीपभर माणसे एकदम आत शिरून खाटेभोवती उसाच्या भावावर चर्चा करू लागली, तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे काय होत असेल? त्याला तर ओरडताही येत नाही. दोघांनी आत जावे, बाकीच्यांनी बाहेर थांबावे. मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. आणि कृपा करून नळ्या लावलेल्या माणसाचे फोटो काढून गटावर टाकू नयेत.

चौथा नियम प्रश्नांचा. "काय झालं? कसं झालं? खर्च किती आला?" ही उजळणी रुग्णाला आणि त्याच्या बायकोला दिवसातून वीस वेळा करावी लागते. त्या बाईचाही विचार करा. रात्रभर जागून ती सकाळपासून पाहुण्यांना चहा करीत असते. कधी कधी रुग्ण बरा होऊन घरी येतो आणि ती अंथरूण धरते.

चांगल्या वागणुकीचा हा नियम दवाखान्यात काम करणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. केट ग्रेंजर ही इंग्लंडमधली तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी होती. २०१३ मध्ये रुग्णालयात खाटेवर पडलेली असताना तिच्या लक्षात आले, की उपचार करायला येणारे अनेकजण आपले नावसुद्धा सांगत नाहीत. तिने "हॅलो, माय नेम इज" ही मोहीम सुरू केली. मागणी एवढीच, की रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपण कोण ते सांगा. २०१६ मध्ये ती गेली, पण तोवर ही साधी गोष्ट तिथल्या हजारो कर्मचाऱ्यांनी उचलली होती. आपल्याकडेही "आजी, मी सिस्टर अमुक, सुई टोचते हं, थोडं दुखेल" एवढे म्हणायला पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांत आजींची निम्मी भीती जाते.

काही वाचक म्हणतील, "डॉक्टरसाहेब, हे बोलू नका, ते बोलू नका, मग भेटायला जाऊन बोलायचं तरी काय?" फार बोलायचे नसतेच. "थोडा वेळ बसू का?" असे विचारून बसावे. तो बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर आपणही गप्प राहावे. गावातली, शेतातली, मुलांच्या शाळेतली एखादी चांगली बातमी सांगावी. तो दमलेला दिसला तर दहा मिनिटांत उठावे.

आणि उठताना "काही लागलं तर सांगा" असे म्हणून निघू नये. संकोचापोटी कोणीही काही सांगत नाही. त्यापेक्षा "उद्या दुपारचा डबा माझ्याकडून", "आज रात्री मी थांबतो, वहिनी, तुम्ही घरी जाऊन झोपा", "रक्ताचा रिपोर्ट मी आणून देतो" असे एक नेमके काम आपल्या अंगावर घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळी करावे.