डॉक्टरकाका गप्प का?

काय दोस्तांनो, तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी डोळ्यात इंजेक्शन घेतलंय का? ऐकूनच अंगावर काटा आला ना! पण घाबरू नका. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. मधुमेहामुळे किंवा उतारवयात डोळ्यातल्या पडद्याला सूज आली, की असं औषध देतात. किती? अवघं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब!

खरी काळजी सुईची नसतेच मुळी. ती असते जंतूंची. डोळ्यात जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. मग रक्तातले शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिथे झटकन पोहोचणार कशा? आत शिरलेल्या जंतूंचं फावतं. हजारो इंजेक्शनांत एखाद्या वेळीच असं होतं; पण झालं तर थोड्याच दिवसांत दृष्टी जाऊ शकते.

यातले बरेच जंतू आपल्याच पापण्यांवर असतात. म्हणून आधी डोळ्याला आयोडीनचं तपकिरी औषध लावतात. आणि हवेतल्या जंतूंचं काय? बंद खोलीत खिडकीच्या फटीतून कवडसा येतो, तेव्हा एक चादर झटकून बघा. केवढी धूळ नाचते! तिच्यात आपल्या त्वचेचे कणही असतात आणि त्यांवर स्वार झालेले जंतूही. म्हणूनच शस्त्रक्रियागृहात हवा 'हेपा' नावाच्या गाळणीतून सोडतात. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता करा विचार!

पण ही गाळलेली हवा पुन्हा खराब कोण करतं? आपणच की! हे कळायला वेळ लागला. १८७०च्या दशकात जोसेफ लिस्टर हे इंग्रज शल्यविशारद शस्त्रक्रिया करताना हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारत. १८९० साली त्यांनीच सांगितलं, की या फवाऱ्याची गरज नव्हती. मग १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिलं, की नुसतं बोलतानाही तोंडातून तुषार उडतात आणि त्यांत जंतू असतात. त्याच वर्षी योहान मिकुलिच हे शल्यविशारद तोंडाला मलमलीची पट्टी बांधून शस्त्रक्रिया करू लागले.

आता कळलं ना, सुई टोचताना डॉक्टरकाका आणि नर्सताई मास्क लावून गप्प का असतात ते? उगाच नव्हे! त्या वेळी आजोबांनीही बोलायचं नाही. शिंक-खोकला येतोय असं वाटलं, तर आधीच सांगायचं.

आणि घरी आल्यावर तुमची ड्यूटी सुरू! आजोबांना डोळा चोळू देऊ नका. पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, जास्त लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. आई-बाबांना सांगून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

काय, जमेल ना? चला तर, भेटू पुढच्या आठवड्यात!