मूर्तिकाराचे देणे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीची पहाट आता उंबरठ्याशी आली आहे. घरोघरी मखरे उभी राहिली, दूर्वांच्या जुड्या निवडून झाल्या, पत्रीची परडी भरली आणि माजघरात मोदकांच्या सारणाचा गंध दरवळू लागला. उद्या गुरुजी येतील, प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतील, आणि त्या क्षणापासून पाटावरची माती ही माती राहणार नाही. या सोहळ्यात यजमानाचा मान आहे, गुरुजींचा आहे, आरास करणाऱ्या मुलांचे कौतुक आहे आणि सुगरणीचे तर आहेच आहे. ज्याच्या हातांनी त्या मातीला सोंड आणि डोळे दिले, त्याचे स्मरण मात्र मूर्तीचे पैसे चुकते झाले की सहसा उरत नाही. आजच्या या पुरवणीत दोन शब्द त्याच्याविषयी लिहावेत, असे आम्हांस वाटले.

कोकणात आणि गोमंतकात अनेक गावांतून अजूनही जी रीत पाळली जाते, तिची आठवण प्रथम करून देणे उचित होईल. तेथे गणपती विकत आणावयाचा नसतो. मूर्तिकाराकडे पाट द्यावयाचा असतो. श्रावणात, बहुधा नागपंचमीच्या सुमारास, घरचा कर्ता पुरुष घरातला ठरलेला लाकडी पाट घेऊन गावच्या गणपतीच्या शाळेत जातो. शाळा म्हणजे कौलारू पडवी किंवा ओटीवरची मोकळी जागा. तेथे भिंतीशी शंभर घरांचे शंभर पाट ओळीने लागलेले असतात. कोणता पाट कोणाचा, त्या घरी गणपती उजव्या सोंडेचा की डाव्या, बैठक कोणती, उंची किती, हे मूर्तिकाराला सांगावे लागत नाही. त्याच्या वडिलांनी त्या घरासाठी काय केले, हे त्याला ठाऊक असते. मूर्ती त्या पाटावरच आकार घेते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी डोक्यावरून, झाकलेल्या मुखाने, शेताच्या बांधांवरून घरी येते. मोबदल्याच्या जोडीला नारळ, विडा आणि दक्षिणा ठेवण्याची पद्धत आहे. हा व्यवहार असतो खरा, परंतु त्याला घासाघीस ठाऊक नाही.

या रीतीत भाव होता तसा हिशेबही होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. पाट आला म्हणजे मागणी निश्चित झाली. जितके पाट तितक्या मूर्ती; न विकलेला माल पुढच्या वर्षापर्यंत सांभाळण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. कारागिराला कर्ज काढून तयार माल घडवावा लागत नव्हता आणि गिऱ्हाईक येईल की नाही या विवंचनेत श्रावण काढावा लागत नव्हता. आजच्या अर्थशास्त्र्यांना ज्या सुरक्षिततेसाठी मोठमोठ्या योजना आखाव्या लागतात, ती एका लाकडी पाटाने साधली होती.

आता पेणकडे वळू. रायगड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे आज गणेशमूर्तींचे माहेरघर म्हणून ओळखली जातात. येथे एखादी मोठी गिरणी किंवा कंपनी नाही. घराघरांतून, शेडशेडमधून स्वतंत्रपणे काम करणारे कारखानदार आहेत. कोणाकडे घरचीच चार माणसे, तर कोणाकडे हंगामात पन्नास. बायकांचा हात या कामात फार मोठा आहे. दिवाळी सरली की माती मळायला घेतात ते थेट भाद्रपदापर्यंत. काही मूर्ती रंगवून, तर पुष्कळशा न रंगवलेल्या, ज्यांना तेथे कच्च्या मूर्ती म्हणतात, अशा महाराष्ट्रभर जातात आणि गावोगावचे छोटे कलाकार त्या रंगवून विकतात. आपल्या शहरातील पदपथावरच्या मंडपात आपण जी मूर्ती निवडली, तिचा जन्मही बहुधा तेथलाच असतो. परदेशस्थ महाराष्ट्रीयांच्या मूर्ती तर पावसाळ्याच्या कितीतरी आधी जहाजातून रवाना होतात.

शाडूच्या कामाचे कष्ट ज्याने पाहिले नाहीत त्याला मूर्तीची किंमत जास्तच वाटणार. शाडू येतो गुजरातेतून. तो भिजवावा, कुटावा, मळावा, लोण्यासारखा मऊ झाला की थरांनी साच्यात दाबावा, साचा उघडून जोड मिटवावेत, हात आणि सोंड लावावी, पाण्याच्या बोटाने अंग गुळगुळीत करावे. मग वाळवण. मूर्ती उन्हात घाईने वाळवली तर तडकते. आषाढाच्या दमट हवेत ठेवली तर दिवसच्या दिवस ओल सोडत नाही. त्यानंतर पांढऱ्या रंगाचे अस्तर, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. पेणच्या मूर्तीची कीर्ती या आखणीवर उभी आहे. भुवई, पापणी, बुबुळ. कुंचल्याची एक रेघ हलली तर देवाच्या मुखावरचा प्रसन्नपणा जातो. आखणी करणारे हात प्रत्येक कारखान्यात मोजकेच असतात, आणि नव्या पिढीतील किती मुले त्या कुंचल्याकडे वळतील, हा प्रश्न तेथील जाणत्यांना आजही सतावतो.

शाडूच्या शेजारी प्लास्टर ऑफ पॅरिस येऊन बसले ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. ते काही मिनिटांत घट्ट होते, वजनाला हलके असते, प्रवासात सहसा फुटत नाही, आणि काथ्याच्या आधाराने पुरुषभर उंचीच्या पोकळ मूर्तीही त्यातून सहज उभ्या राहतात. कारागिराने ते स्वीकारले यात नवल काहीच नाही. उंच मूर्ती कोणी मागितली? स्वस्त कोणी मागितली? दूरच्या गावी मोटारीने नेताना खळ न पडणारी मूर्ती कोणाला हवी होती? या प्रश्नांची उत्तरे मूर्तिकाराच्या दारात सापडणार नाहीत.

प्लास्टरचा दोष मात्र झाकून चालणार नाही. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाण्यात कालवली की पुन्हा जिप्समच होते, आणि जिप्सम पाण्यात अगदी अल्प विरघळते. एका लिटरला दोन-अडीच ग्रॅम, इतकेच. म्हणजे पाच किलोची घरगुती मूर्ती पूर्णपणे विरघळायची तर दोन हजार लिटर पाणी लागेल, आणि तेही सावकाश. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर भग्न मूर्ती पाहून ज्यांचे मन विदीर्ण होते, त्यांनी हा साधा हिशेब लक्षात ठेवावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरच्या मूर्ती विरघळविण्याची रीत काढली, ती उपयोगाची आहे. पण ती झाल्या गोष्टीवरचा उतारा होय.

येथे शास्त्राचाही आधार घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. या व्रताचे नावच मुळी पार्थिव गणेशपूजन. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून झालेला. पूजाविधीत मूर्तीवर प्रत्यक्ष अभिषेक करीत नाहीत. फुलाने किंवा दूर्वेने पाणी शिंपडतात आणि अभिषेक सुपारीवर अथवा धातूच्या मूर्तीवर होतो. असे का, तर मूर्ती न भाजलेल्या मातीची आहे, ती पाण्याने विरेल, हे विधी सांगणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. पाण्याला न डरणारी मूर्ती आणून तिच्यावर दूर्वेने जपून पाणी शिंपडण्यात काय अर्थ उरला, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारून पाहावे.

आता कायद्याचा भाग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि १२ मे २०२० रोजी ती सुधारून प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सांगितली. मग त्या वर्षापुरती तीही पुढे ढकलली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. त्या सालच्या माघी उत्सवातील काही मोठ्या मूर्ती विसर्जनावाचून महिनोन्‌महिने झाकून ठेवण्याची वेळ मंडळांवर आली. पुढे ९ जून २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, नैसर्गिक जलाशयांविषयीचे निर्बंध राखले; आणि जुलैत सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात, असे ठरले. न्यायालयाने आपले कर्तव्य केले. त्यावर आमचे काही म्हणणे नाही. पण ज्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्याला जानेवारीत एक आणि जूनमध्ये दुसरे ऐकावयास मिळाले तर त्याने माती घ्यावी की प्लास्टर, कर्ज काढावे की हात आखडावा? धोरण कोणतेही असो, ते मूर्तिकाराला एक संपूर्ण वर्ष आधी कळले पाहिजे, आणि माती मळण्यापूर्वी कळले पाहिजे. ही मागणी फार मोठी नाही.

या माणसांनी २०२० साल कसे काढले, याचीही आठवण ठेवावी. टाळेबंदीत गिऱ्हाईक घरात कोंडले गेले, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि उत्सवात सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची व घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आली. उंच मूर्ती आधीच घडवून ठेवणाऱ्यांचे भांडवल शेडमध्येच अडकून पडले.

गोव्यात मातीच्या मूर्तीमागे कारागिराला अनुदान देण्याची सरकारी योजना आहे. मुंबई महानगरपालिकेनेही अलीकडच्या वर्षांत शाडू विनामूल्य पुरविण्याचा आणि मंडपासाठी जागा देण्याचा पायंडा पाडला. या गोष्टी स्तुत्य आहेत. तथापि सरकारने किती करावे यालाही सीमा आहे, आणि देव सरकारच्या घरी बसावयाचा नाही. तो आपल्या घरी बसावयाचा आहे.

म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांशी थोडे स्पष्ट बोलतो. घरच्या मूर्तीला उंचीची हौस नको. वीतभर, दीड वीत मूर्तीने नवस अपुरा राहिल्याचे कोणी ऐकलेले नाही. लहान मूर्ती शाडूची घेणे परवडते, तिला वाहतुकीत धक्का कमी लागतो, आणि घरच्या घमेल्यात किंवा बादलीत तिचे विसर्जन निर्वेधपणे होते. रोषणाईवर, पडद्यांवर, पाहुण्यांच्या मिठाईवर मुक्त हस्ताने खर्च करावयाचा आणि मूर्तीच्या किमतीत पन्नास रुपयांसाठी तासभर हुज्जत घालावयाची, हे दृश्य दरसाल दिसते. (थर्माकोलची मखरे २०१८ पासून राज्यात बंद झाली, तेव्हा तो खर्च तरी वाचला असेल!) ज्याच्यापुढे आपण उद्या हात जोडणार, त्याचा भाव आज पाडू नये, इतके तारतम्य घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना दाखवून द्यावे.

बादलीतील विसर्जनाविषयी काही भाविकांच्या मनात किंतु असतो. वाहत्या पाण्यावाचून विसर्जन कसे पूर्ण होईल, असे ते विचारतात. शंका प्रामाणिक आहे, तिला उत्तरही आहे. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, मूर्ती किंचित हलवली, म्हणजे आवाहन केलेले देवत्व स्वस्थानी गेले. मागे राहते ती माती. ती शुद्ध पाण्यात विरू द्यावी. शाडू विरघळतो म्हणून तो कोठेही सोडावा, असेही नाही; लाखो मूर्तींचा गाळ लहानशा नदीच्या वा विहिरीच्या तळाशी बसला तर तो भारच होतो. घमेल्यात खाली बसलेली माती वाळवून तुळशीच्या कुंडीत घालावी, किंवा मूर्तिकाराला परत द्यावी. पुण्यात अशी माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांच्या हाती देण्याचा उपक्रम अलीकडच्या काळात चालला आहे. ज्यांना यात नावीन्य वाटते त्यांनी कोकणातील विसर्जन आठवावे. तेथे रिकामा पाट कधीच घरी परतत नाही; विसर्जनस्थळाची मूठभर वाळू किंवा माती त्यावर ठेवून आणतात आणि घरी तिची आरती करतात.

यंदाचा पाट घरी परतला म्हणजे तो माळ्यावर टाकण्याची घाई करू नका. नवरात्र आणि दिवाळी होऊ द्या. मग एखाद्या रविवारी ज्याच्याकडून मूर्ती आणली त्याच्याकडे, किंवा जवळच्या शाडूच्या मूर्तिकाराकडे, घरातील मुलांना घेऊन जा. उंची सांगा, सोंड कोणती ते सांगा, निम्मे पैसे आगाऊ द्या, आणि पाट द्यावयाची रीत घरात नसेल तर ती सुरू करा. त्याच दिवसांत तो पुढील वर्षासाठी शाडूची पोती मागवीत असतो. किती मागवावीत, हे त्याला तुमच्याकडूनच कळावयाचे असते.