वळणावरचा नारळ

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेला लागले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर अशी रस्त्याची सोबत सुरू होते. पर्यटकांना इथली वळणे फार आवडतात. आम्हा रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यांतले एक वळण आवडत नाही. तिथे एका दगडाला शेंदूर फासलेला आहे आणि पुढ्यात नारळाच्या करवंट्या पडलेल्या असतात. 'जागा वाईट आहे,' असे सारे सांगतात.

गेल्या ऑगस्टमध्ये याच वळणावर माझ्या बाबांचा टेम्पो घसरला. मासेमारीवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली होती, मासळीची ने-आण पुन्हा सुरू झाली होती आणि पावसाची रिपरिप चालू होती. टेम्पो गटारात कलंडला. बाबांच्या पायाचे हाड मोडले आणि तीन महिने घरची चूल उसनवारीवर पेटली. शेजारीपाजारी भेटायला आले ते म्हणाले, "जागेनं मागितलं. जीव वाचला, नारळ द्या." आईने नारळ दिला. मी तिला दोष देत नाही. ज्याच्यापुढे दुसरे उत्तर ठेवलेलेच नाही, त्याने नारळ फोडू नये तर काय करावे?

२०१८ च्या जुलैमध्ये आपल्याच जिल्ह्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि त्यांतून एकच इसम वाचला. तेव्हा मी लहान होते. पण घरोघरी ऐकलेला शब्द आठवतो, 'नशीब'. नशीब म्हटले की विचार संपतो आणि पुढच्या अपघाताची वाट मोकळी होते. माझी तक्रार आहे ती इथे.

वास्तविक दुसरे उत्तर आमच्याच दप्तरात होते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अभिकेंद्री बल' असा शब्द आहे. परीक्षेत मी त्याची व्याख्या लिहिली, गुण मिळवले आणि विसरून गेले. बाबा अंथरुणावर असताना ते पुस्तक पुन्हा काढले.

शेतात पाखरे हाकणारी गोफण साऱ्यांनी पाहिली आहे. दोरी ताणलेली असते तोवर दगड गोल फिरतो. दोरी सुटली की तो त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता, त्या दिशेने सरळ जातो. म्हणजे सरळ जाणे हा दगडाचा स्वभाव आणि गोल फिरवणे हे दोरीचे काम. वर्तुळाच्या मध्याकडे ओढणाऱ्या या बलालाच न्यूटनने १६८७ साली छापलेल्या ग्रंथात अभिकेंद्री बल म्हटले. वळणावर गाडीला अशी दोरी कोण बांधतो? टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण! एसटीत वळणावर आपण बाहेर फेकले जातो असे वाटते; खरे तर आपले शरीर सरळ जाऊ पाहत असते आणि गाडी वळत असते.

ही दोरी किती ताण सोसते, याचे गणित सोपे आहे. समजा, वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि रस्ता सपाट आहे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ धरला, तर ताशी ५० किलोमीटरपर्यंत गाडी कशीबशी टिकते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ वर आला की मर्यादा ३९ वर येते. बुळबुळीत रस्त्यावर ०.२ झाला की ताशी २७ च्या पुढे गाडी घसरणारच. शिवाय वेग दुप्पट केला तर लागणारे बल चौपट होते. आणखी एक गोष्ट. घर्षणाची पुंजी एकच असते. ऐन वळणात करकचून ब्रेक दाबला की ती थांबण्यात खर्ची पडते आणि वळण्यासाठी हातात काही उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी लावायचा.

चौलच्या दत्ताच्या यात्रेत आम्ही मौत का कुआँ पाहिला होता. तिथे उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरते. भिंत तिला आत दाबते, त्या दाबामुळे घर्षण निर्माण होते आणि तेच तिला वर तोलून धरते. वेग कमी झाला तर ती खाली येईल. आमच्या गावची पोरे तो खेळ बघून आली की रस्त्यावर तसेच वळण घेतात. त्यांना कोणी सांगितलेले नाही, की विहिरीत वेग तारतो आणि रस्त्यावर तोच वेग मारतो.

आता एक कडू गोष्ट. आमच्या वळणावर ते बुळबुळीत पाणी येते कुठून? मासळीच्या टेम्पोतून. बर्फ वितळतो, मासळीचे चिकट पाणी मागच्या फळीतून गळते आणि चढावर वळताना सर्वांत जास्त सांडते. बाबांचा टेम्पोही रोज सांडत होता. ज्या पाण्यावर ते घसरले, त्यात थोडे आमच्या घरचेही असेल. जागेने काही मागितले नव्हते. आम्हीच तिथे रोज थोडे थोडे मरण ओतत होतो.

हा सारा हिशेब मी बाबांना सांगितला. ते चौथी शिकलेले. शांतपणे ऐकून म्हणाले, "मना हाताला कलतं, पोरी. स्टिअरिंग हलकं लागतं तवा समजायचं, गाडी सुटली." मी गप्प झाले. पुस्तकाने चार पानांत सांगितलेले त्यांचे हात वीस वर्षे जाणत होते. फक्त ते जाणणे आणि माझे पुस्तक यांची गाठ कधी पडली नव्हती. ती पाडणे हे आम्हा पहिल्या पिढीतील शिकणाऱ्यांचे काम नाही काय? मी कला शाखा घेतली ती शिकवणीचा आणि जाण्या-येण्याचा खर्च झेपणार नव्हता म्हणून. पण समजलेली गोष्ट लोकांच्या भाषेत सांगणे ही कलाच आहे.

माझे मागणे मोठे नाही. 'वाहने सावकाश हाका' या पाटीवर आकडा लिहा. कोरड्यात किती, पावसात किती. कारण सावकाश म्हणजे किती, हे ज्याचे तो ठरवतो. जिथे शक्य असेल तिथे रस्त्याची बाहेरची कड उंच करा, म्हणजे सारा भार घर्षणावर पडणार नाही. आणि मासळीच्या प्रत्येक टेम्पोला गळते पाणी साठवणारी टाकी असू द्या. हे शेवटचे काम सरकारचे नाही, आपले आहे.

आमच्या टेम्पोखाली आता एक पिंप बसवले आहे. बाबा पुन्हा गाडी चालवू लागले आहेत. त्या दगडापाशी ते अजूनही हात कपाळाला लावतात. लावू देत. त्याआधी ते गाडीचा वेग कमी करतात, एवढे मी शेजारी बसून पाहिले आहे.