पत्रा उतरवताना

गिरगावातील एका वाडीत गेल्या उन्हाळ्यात एक जुनी चाळ उतरविताना पाहिली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला बाहेरून ठोकलेले सिमेंटचे पत्रे एक तरुण बिगारी घणाने फोडीत होता. तुकडे खाली आदळत, करडी धूळ उठे, आणि तोंडावरचा पंचा घामाने घसरला की तो पुन्हा नाकावर ओढून घेई. फुटलेल्या एका कडेला पांढुरके, केसांहून बारीक तंतू लोंबत होते. ते अ‍ॅस्बेस्टॉसचे.

हा पत्रा आमच्या चाळींत उपकारकर्ता म्हणून आला. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेक याने 1901 साली सिमेंट आणि हे तंतू एकजीव करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे मुलुंडलाच अशा पत्र्यांचा कारखाना निघाला. आणि न गंजणारा, न जळणारा व मध्यमवर्गीयाच्या खिशाला झेपणारा हा पदार्थ पश्चिमेकडून येणारी पावसाची झड अडविण्यासाठी गिरगावापासून परळपर्यंत घरोघर लागला. लालबागच्या आमच्या खोलीच्या गॅलरीलाही वडिलांनी तो मारून घेतला होता, आणि त्याच्या आडोशाला आजीचे अंथरूण, पाण्याचे पिंप व बहिणीचा अभ्यास, असा अर्धा संसार मावला होता.

अभंग राहिलेला पत्रा फारसा घातक नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. रहिवाशांना भयभीत करून काही साधत नाही. अनर्थ होतो तो पत्रा फोडताना, कापताना, त्याला भोके पाडताना. तेव्हा सुटलेले सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात, तेथे ते विरघळत नाहीत, आणि वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दम कोंडणारा विकार अथवा कर्करोग होऊन प्रकट होतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट निर्वाळा आहे. साठांहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस परदेशांतून आजही येतो.

सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी आरोग्य हा कामगाराच्या जीविताच्या हक्काचाच भाग मानून, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखानदारांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जतन करावी, असा हुकूम दिला. पत्रा घडविणाऱ्याची अशी तजवीज झाली. पण तो फोडणारा बिगारी, जो आज गिरगावात, उद्या दादरला आणि पावसाळ्यात गावी असतो, त्याचे नाव मुकादमाच्या रोजाच्या वहीखेरीज कोणत्या दप्तरात आहे? वीस वर्षांनी त्याला धाप लागेल तेव्हा या वाडीची आठवण त्याच्या वैद्याला कोण करून देणार? 2006 साली ‘क्लेमेन्सो’ ही फ्रेंच युद्धनौका तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसमुळे, आपल्या किनाऱ्यावर मोडण्यासाठी येत असताना, अर्ध्या वाटेवरून परत गेली. तेव्हा दाखविलेली दक्षता आपल्याच चाळींच्या वाट्याला का येऊ नये?

उपाय मुळीच दुर्घट नाहीत. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचे नाहरकत पत्र लागते आणि पाडकामावर महानगरपालिकेची देखरेख असते. त्या दोन्ही ठिकाणी एकच अट घालावी, की घण पडण्यापूर्वी पत्र्यांचा पंचनामा व्हावा, ते पाण्याने भिजवून, बोल्ट सोडून, अखंड उतरवावेत, जाड प्लास्टिकात गुंडाळून इतर राडारोड्यापासून वेगळे न्यावेत, आणि उतरविणाऱ्याला साधा कापडी पट्टा न देता योग्य मुखपट्टी द्यावी. खर्च वाढतो म्हणून विकासक कुरकुरतील. परंतु ज्या जमिनीवर टॉवर उभे राहतात, तिच्या किमतीपुढे हा खर्च किती? रहिवाशांनीही नव्या घराच्या चौरस फुटांसाठी जसा आग्रह धरला, तसाच करारनाम्यात या कलमासाठी धरावा, आणि पाडकामाच्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी खाली उभे राहून त्याची अंमलबजावणी पाहावी. पत्रा आपण लावला होता.